हरीण कोणाचे?

शेत कोणाचे आणि हरीण कोणाचे, हे दोन प्रश्न मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एकाच श्लोकात आलेले आहेत. खुंट काढून ज्याने जमीन साफ केली त्याचे शेत, आणि ज्याचा बाण आधी लागला त्याचे हरीण, असा तेथील निवाडा. तो श्लोक मुळात बाई आणि तिची संतती कोणाच्या मालकीची या वादात आलेला आहे, आणि १९२७ साली महाडास हा ग्रंथ ज्यांनी जाळला त्यांच्याच पंगतीचे आम्ही. तरीपण राबणाऱ्या हाताचा हक्क मानणारे एवढे एक वाक्य तेथे सापडते, आणि भोर-वेल्ह्याच्या रानाचा इतिहास चाळताना ते आम्हांस वारंवार आठवते.

हा मुलूख श्रोत्यांपैकी पुष्कळांनी तोरणा-राजगडाच्या निमित्ताने पाहिलेला असेल. येथल्या रानात हरणांपैकी सांबर आणि भेकर. पिसोरीलाही लोक हरणात धरतात, पण तिचे कूळ निराळे. या जनावरांमागे कातकरी, महादेव कोळी आणि डोंगरकपारीचे कुणबी पिढ्यान्‌पिढ्या गेले ते तीरकमठा घेऊन. बंदूक ही पैसेवाल्याची चीज. कमठा घरचा, कळकाचा.

कमठ्याची शिकार ही वाट पाहण्याची शिकार होय. जनावर पंचवीस-तीस पावलांवर यावे लागते, वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहता असावा लागतो. बाण वर्मी लागला तरी भेकर जागीच कोसळत नाही. रक्ताच्या थेंबांमागे दमाने जावे लागते. घाई केली तर जखमी जनावर उठून आणखी दूर जाते. आणि येथेच जमिनीचा प्रश्न उभा राहतो. मावळातली भातखाचरे गुंठ्यांनी मोजायची. एकाच्या बांधावरून बाण सुटावा, दुसऱ्याच्या वरकसात रक्त सांडावे, आणि जनावर पडावे ते तिसऱ्याच्याच रानात! मोठ्या अखंड रानात हा वाद नाही. जमिनीचे तुकडे जितके लहान, तितके त्या एका हरणाचे धनी अधिक.

१८७८ साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. सातव्या क्रमांकाच्या कायद्याने जंगले राखीव करण्याची वाट पक्की केली. अकराव्याने हत्यारे परवान्याखाली आणली, आणि त्या हत्यारांच्या व्याख्येत तोफेच्या जोडीला धनुष्यबाणही घातला! तोफ आणि तीरकमठा एका ओळीत बसवणाऱ्या त्या कारकुनाचे आम्हांस फार कौतुक वाटते. जंगलखात्याने गोरगरिबांची कुरणे कशी गिळली, ते जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहून ठेवलेच आहे. कातकऱ्याचे तर नावच खैराच्या कातावरून पडलेले. खैर राखीव झाला, तेव्हा त्याचा धंदा आणि त्याची शिकार एकदमच गुन्हा ठरली.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. राजगड, प्रचंडगड, विचित्रगड अशी त्याच्या तालुक्यांची नावे. इंग्रजी कायदा तेथे आपोआप चालत नसे. ओढा ओलांडला की राज्य बदले. हरणाला ते ठाऊक नव्हते, त्यामागे धावणाऱ्यालाही बहुधा नसावे. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि ती सरहद्द पुसली. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राण्यांचा कायदा केला. परवाना काढून शिकार करता येई. तो परवाना कोण काढी, हे सांगायला नको. साहेबाच्या आणि सावकाराच्या शिकारीत आमचा माणूस असे तो हाका घालायला, डबे बडवायला. हाकाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न कोणत्याच युनियनने कधी घेतला नाही, आम्हीही नाही.

पुढे पानशेत-वरसगावच्या धरणांच्या निमित्ताने रस्ते आले, आणि त्या रस्त्यांवरून कोळशाच्या गाड्या उतरल्या. मालकी राने भट्टीत गेली. रान गेल्यावर जनावर राहील कोठे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. मध्यंतरी ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने सरकारजमा झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याची जमीन आणि रानातला मेवा मान्य केला, पण शिकारीचा हक्क नावानिशी वगळला. ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. उरलेल्या सांबरांवर कोणाचाच बाण नको. आमची तक्रार एवढीच, की रान ज्यांच्या भट्ट्यांनी खाल्ले आणि ज्याच्या बाणाने वर्षाकाठी एखादे भेकर पडले, त्या दोघांचा हिशेब एका वहीत मांडला गेला.

आमची शाळा सातवीतच सुटली; कायदा आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर शिकलो. म्हणून वेल्ह्याकडचे कामगार त्यांचे कागद आमच्यापुढे ठेवतात. गेल्या पावसाळ्यानंतर एकाने आणला तो नुकसानभरपाईचा अर्ज होता. भेकरांनी आणि रानडुकरांनी नाचणी खाल्लेली. भोवतीची जमीन शहरातल्या मंडळींनी घेऊन तारेची कुंपणे घातलेली, त्यामुळे जनावर वळते ते याच्या उघड्या तुकड्यात. आजोबांचा कमठा अजून आढ्याला टांगलेला आहे म्हणाला, नुसता. अर्जाला सातबारा जोडायचा होता. जमीन बापजाद्यांनी खुंट काढून साफ केलेली, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे. अर्ज परत आला.