पाकळीचा ल

पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जेथे काळ्या जमिनीत कापसाच्या तासांमधून तुरीची ओळ उभी असते आणि पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना लागलेला हिंगूळ नदीच्या दोन्ही तीरांवर सारखाच तांबडा दिसतो, तेथे बेला हे मंडलाचे गाव आहे. येथून पूर्वेकडे निघालेली सडक महाराष्ट्रातील कोरपन्याकडे जाते आणि आदिलाबादकडे परतणारी सडक माणसाला तेलुगू कचेरीच्या दारात नेऊन उभी करते. घरात मराठी, सरकारदरबारी तेलुगू आणि पेठेत दोहोंची सरमिसळ, असा ह्या मुलखाचा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता आहे. ज्या वादाचा इतिहास मला येथे सांगावयाचा आहे तो मुंबई, पुणे, लखनौ येथील परिषदांत आणि छापखान्यांत घडला. परंतु त्याचा अर्थ मला कळला तो अशा सरहद्दीवरच्या गावात. चिन्हाचे रूप बदलले म्हणजे कोणाचे काय जाते, हे मध्यभागी बसलेल्या माणसापेक्षा कडेवर राहणाऱ्याला अधिक नेमके ठाऊक असते.

मराठी शाळेतील एखादी लहान मुलगी वहीच्या दुरेघी ओळीत ‘बैल’ हा शब्द लिहिते, तेव्हा तिचा ल कसा उतरतो ते जवळून पाहावे. डावीकडे एक पाकळी, उजवीकडे एक पाकळी, आणि दोहोंच्या मध्ये शिरोरेषेवरून उतरलेला आखूड देठ, असे ते अक्षर फुलासारखे उमलते. तिच्या वडिलांच्या मोबाइलवर मात्र ‘बैलपोळ्याच्या शुभेच्छा’ असा संदेश येतो, त्यातील ल पाकळीचा नसतो. त्याची डावीकडची वळणे उजव्या बाजूच्या उभ्या दंडाला जाऊन भिडलेली असतात, आणि ‘शुभेच्छा’मधला श देठाने शिरोरेषेला टांगलेला असण्याऐवजी डोक्याशी गाठ मारून उभा असतो. मुलगी विचारते, चूक कोणाची, माझी की मोबाइलची? ह्या निरागस प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर सुमारे दोनशे वर्षांचे दप्तर उघडावे लागते.

मराठीचा पूर्वापार व्यवहार मोडीत चालत असे. जमाखर्च, कौलनामे, खलिते, सारे मोडीत, आणि पोथी व शास्त्र तेवढे बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. विल्यम केरीने श्रीरामपूरला १८१० साली मराठीचा कोश छापला तो मोडी खिळ्यांनी, यावरून त्या काळी मराठीचे रोजचे अक्षर कोणते मानले जात होते ते समजते. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना असे डौलदार वळण दिले की, बाळबोध अक्षर म्हणजे निर्णयसागरचे अक्षर असेच समीकरण सुशिक्षितांच्या मनात रूढ झाले. त्याच सुमारास उत्तरेत कलकत्ता, काशी, प्रयाग येथील छापखाने आपल्या वळणाचे खिळे पाडीत होते. लिपी एकच, पण अ, झ, ण, ल, श ह्या अक्षरांची आणि काही अंकांची रूपे दोन. मुंबई वळण आणि उत्तरेचे वळण असा हा भेद कोणी ठरवून केला नव्हता. दोन प्रांतांतील लेखकूंचे हात वेगवेगळे वळले होते, आणि खिळे पाडणाऱ्यांनी त्या हातांची इमानाने नक्कल केली होती.

बेल्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलात होता. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावर पैनगंगा ही दोन राज्यांची हद्द बनली. अलीकडे निजामाची आधी फारसी आणि पुढे उर्दू कचेरी, पलीकडे वऱ्हाडातील मराठी शाळा. मराठी पोथी, पंचांग आणि मासिके येथे आली ती नदीपलीकडून, मुंबई-पुण्याच्या खिळ्यांनी छापलेली. म्हणून पाकळीचा ल हा येथील मराठी माणसाला कोणत्याही फर्मानाने मिळालेला नव्हता. दरबारी भाषा दुसरीच असताना तो त्याने घरात सांभाळला होता.

विसाव्या शतकात वादाला तोंड फुटले ते यंत्रामुळे. देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी आणि काना-मात्रांसाठी जुळाऱ्याच्या पेटीत कित्येकशे खिळे लागत, आणि टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांत ती लिपी मावत नसे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात लिपिशुद्धीची चळवळ हाती घेतली आणि इ, ई, उ, ऊ ह्या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी अ लाच वेलांट्या व उकार जोडून अि, अी, अु, अू अशी बाराखडी लिहावी असे सुचविले. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती स्वीकारली आणि काका कालेलकरांच्या प्रयत्नाने महात्मा गांधींच्या नवजीवनच्या पुस्तकांतही ती दिसू लागली. तिच्यामागचा हेतू निखालस चांगला होता, तिचा तर्क निर्दोष होता, आणि तिच्या पुरस्कर्त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही वाचकांचा मोठा समुदाय तिच्यामागे गेला नाही. ‘इमान’ हा शब्द ज्याने लहानपणी इ ने गिरवला, त्याच्या डोळ्याला ‘अिमान’ परका वाटला, आणि तो परकेपणा कोणत्याही युक्तिवादाने दूर झाला नाही.

पुढे १९५३ साली लखनौ येथे डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधार परिषद भरली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची हा क्रम यंत्राला अडचणीचा, म्हणून ती दीर्घ वेलांटीप्रमाणेच उजवीकडे, पण आखूड दांडीची काढावी, असा निर्णय झाला. ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील भेद दांडीच्या लांबीवर येऊन ठेपला. छापील पानावर तो कसाबसा दिसे, हातच्या लेखनात मात्र दोन्ही वेलांट्या एकरूप होत आणि शिक्षक, लेखक, वाचक सारेच गोंधळून जात. अखेर १९५७ साली त्याच लखनौत दुसरी परिषद घेऊन वेलांटी तिच्या मूळ जागी परत न्यावी लागली. चार वर्षांत एका चिन्हाला दिलेली नवी जागा काढून घेण्याचा तो प्रसंग आपल्या लिपीच्या इतिहासात स्मरणीय आहे, आणि त्या परिषदेने आपला निर्णय मागे घेण्याचा जो मोकळेपणा दाखवला तोही तितकाच आदरणीय आहे.

दोन वळणांचा भेद मिटवण्याच्या ह्याच काळातील प्रयत्नांत एक प्रकारची देवघेव झाली. अ, झ, ण ही मुंबई वळणाची अक्षरे हिंदीच्या प्रमाण लिपीत गेली, आणि ल व श यांच्या बाबतीत उत्तरेचे वळण प्रमाण राहिले. दंडाच्या ल मागे कारणही होते. ज्या अक्षराला उभा दंड असतो त्याचे अर्धे रूप दंड काढून सहज करता येते, ही सोय पाकळीच्या ल मध्ये नाही. परंतु सोय हा एकच निकष नव्हे. आज हिंदी वाचक मुंबईचा अ आपलाच मानतो, कारण तो त्याच्या दोन पिढ्यांच्या हाताखालून गेला आहे. मराठी हाताने मात्र पाकळी सोडली नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची लिपी व वर्णमाला ठरवून दिली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांच्याच वापराचा आग्रह धरला, तेव्हा लाखो हातांनी आधीच दिलेल्या निकालावर त्याने केवळ मोहोर उठवली.

आता हाच वाद चित्रांच्या बाबतीत पुन्हा उभा राहिलेला आपण पाहतो. जपानमधील डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली १७६ इवलीशी चित्रे रेखाटली, २०१० साली युनिकोडच्या जागतिक वर्णसंचात इमोजींना क्रमांक मिळाले आणि थोड्याच वर्षांत बेल्याच्या शेतकऱ्यालाही बैलाचे चित्र संदेशात घालता येऊ लागले. गूगलच्या नोटो ह्या मुक्त संचात २०१३ पासून चेहऱ्यांची चित्रे गोल नव्हती. मऊ गोळ्यासारखी, पायथ्याशी पसरलेली अशी ती पिवळी आकृती होती. २०१७ साली ती बदलून इतरांसारखी वाटोळी करण्यात आली. इतर कंपन्यांच्या चित्रांशी मेळ बसावा आणि पाठवणाऱ्याचा भाव पाहणाऱ्याला चुकीचा वाटू नये, हे कारण उचितच होते. तरीही असंख्य लोक हळहळले, त्या गोळ्यांसाठी त्यांनी जाहीर शोक केला आणि ते परत मिळावेत म्हणून आर्जवे केली. एका क्षुल्लक चित्रासाठी एवढा जीव पाखडावा काय, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘अिमान’ आठवावा.

परंतु चित्राच्या बदलात एक गोष्ट अक्षराच्या बदलाहून अधिक गंभीर आहे. सावरकरी बाराखडीत छापलेला ‘किर्लोस्कर’चा अंक आजही कपाटातून काढला तर त्याच वेषात भेटतो. आपण तो वेष टाकला असला तरी त्याने टाकलेला नाही. यंत्रातील संदेशाचे तसे नाही. तेथे चिन्ह हा केवळ एक क्रमांक असतो आणि त्याचे रूप त्या त्या टंकात, म्हणजे फाँटमध्ये, साठवलेले असते. त्यामुळे टंक बदलला की, काल पाठवलेला चेहराही आज नवा होतो. मायलेकींच्या जुन्या संभाषणातील हसू, गेलेल्या मित्राने धाडलेला शेवटचा नमस्कार, ह्या साऱ्यांचे रूप कोणालाही न विचारता मागच्या तारखेपासून पालटते. घराची डागडुजी करताना भिंतीवरचे जुने फोटोही नव्याने काढून लावावेत, तसे हे आहे. म्हणूनच वापरणाऱ्यांचा विरोध हा आडमुठेपणा आहे असे मला कधीच वाटले नाही. आपल्या आठवणींवर झालेल्या फेरफाराला त्यांनी घेतलेली ती रास्त हरकत आहे.

अशा हरकतीचा निवाडा कसा करावा, ह्याचा एक धडा आदिलाबादच्याच डोंगरात आहे. मारलवाई येथे मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ साली गोंड मुलांसाठी शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, तेव्हा त्यांच्यासाठी गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीच्या द्वारे झालेली होती. पुढे ह्याच परिसरातील गुंजाळा गावी गोंडीची स्वतःची जुनी लिपी हस्तलिखितांतून उजेडात आली. तिकडे बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी वेगळी लिपी निर्माण केलेली होतीच. एका भाषेच्या दोन लिपी समोर आल्या असता, युनिकोडने मसराम गोंडीला २०१७ साली आणि गुंजाळा गोंडीला २०१८ साली स्वतंत्र जागा दिली. एकीसाठी दुसरीला मोडीत काढले नाही. ज्यांचा हात ज्या वळणाचा, त्यांना ते वळण मिळाले.

मराठीच्या ल ला स्वतंत्र क्रमांक मिळालेला नाही आणि तो मिळण्याची गरजही नाही, कारण तो हिंदीच्या ल चा सख्खा भाऊ आहे. मुक्त टंक घडवणाऱ्या कसबी लोकांनी त्यासाठी दुसरी वाट काढली आहे. त्यांच्या अनेक टंकांत ल ची दोन्ही रूपे ठेवलेली असतात, आणि मजकुरावर ‘मराठी’ अशी नोंद असेल तर पाकळीचा ल पुढे येतो, नसेल तर दंडाचा. पुणेकराच्या मोबाइलची भाषा मराठी असेल तर त्याचे काम भागते. पण बेल्याच्या माणसाने आपला मोबाइल तेलुगूत किंवा इंग्रजीत लावलेला असतो, कारण त्याच्या जमिनीचा दाखला, त्याचे बँकेचे खाते, त्याच्या मुलाच्या परीक्षेचा अर्ज हे सारे त्या भाषांत आहे. त्याने लिहिलेल्या मराठीवर मराठीची नोंद होत नाही, आणि त्याचा ल परमुलखाचा होतो.

ही नोंदीची गोष्ट ह्या मुलखाला नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्याकडे गेले आणि बेला जेथे होते तेथेच राहिले. नकाशावर भाषेची नोंद करताना रेघ कोठेतरी ओढावीच लागते, आणि रेघेच्या कडेला राहणाऱ्याचे काही ना काही त्या रेघेपलीकडे पडते. परंतु भूमीवरची रेघ ओढताना जी अपरिहार्यता होती ती टंकात नाही. महाराष्ट्र शासनाचा निर्णय सरहद्दीशी थांबतो, पण अक्षराला सरहद्दीशी थांबण्याचे कारण नाही. दोन्ही रूपे टंकात तयार असताना त्यांतील कोणते हवे, हे मोबाइलच्या भाषेवरून ठरवण्याऐवजी लिहिणाऱ्यालाच विचारावे, एवढेच मागणे आहे. आणि चित्र असो वा अक्षर, ज्याला त्याचे रूप पालटावयाचे असेल त्याने नवे रूप द्यावे, जुने काढून घेऊ नये.

त्या मुलीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येते. बाळ, चूक कोणाचीच नाही. तो ल हिंदीच्या हाताने काढलेला आहे आणि तुझा ल तुझ्या पणजीच्या पंचांगातला आहे. मोबाइलमध्येही तो ठेवलेला आहे, फक्त तुझ्या बाबांना कोणी विचारलेले नाही. तोवर तू वहीत पाकळ्या काढीत जा, आणि पुढच्या पोळ्याला बाबांच्या मोबाइलवर शुभेच्छा धाडायच्या असतील तेव्हा वहीतल्या तुझ्या ओळीचा फोटो काढून धाड.