मार्बल बारचे १६० दिवस : एका उष्णताविक्रमाचे ऐतिहासिक वाचन (१९२३-२४)

प्रस्तावना

उष्णतेचा इतिहास बहुधा उच्चांकांच्या आधारे सांगितला जातो. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि ते गाव एका दिवसात देशभर परिचित झाले. परंतु वाळवंटी प्रदेशातील माणसाला एखाद्या दिवसाच्या उच्चांकापेक्षा न संपणाऱ्या उन्हाळ्याची झळ अधिक बसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मार्बल बार या खाणगावात ३१ ऑक्टोबर १९२३ ते ७ एप्रिल १९२४ या काळात सलग १६० दिवस कमाल तापमान १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक होते. सलग दिवसांचा जागतिक विक्रम म्हणून ही घटना सांगितली जाते. मात्र हा विक्रम नेमके काय सांगतो आणि कोणाविषयी मौन बाळगतो, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्थळाची पार्श्वभूमी

मार्बल बार हे गाव पिलबारा या रुक्ष प्रदेशात, ग्रेट सँडी डेझर्ट या विस्तीर्ण वाळवंटाच्या पश्चिमेस, समुद्रकिनाऱ्यापासून बरेच आत वसले आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी येथे सोने सापडले आणि १८९३ मध्ये गावाला अधिकृत दर्जा मिळाला. जवळच्या कूनगन नदीच्या पात्रात रंगीत दगडाचा एक आडवा पट्टा आहे. प्रारंभीच्या वसाहतकारांना तो संगमरवर वाटला आणि त्यावरून गावाचे नाव पडले. वस्तुतः तो दगड जास्पर आहे. १९११ मध्ये पोर्ट हेडलंड बंदरापासून येथपर्यंत रेल्वे आली. म्हणजेच १९२३ चे मार्बल बार हे बाहेरच्या जगाशी जोडलेले, सरकारी नोंदी ठेवणारे गाव होते. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय हवामान खाते १९०८ मध्ये कार्यरत झाले होते. नियमित निरीक्षणाची ही व्यवस्था नसती, तर तो उन्हाळा होऊन गेला असता. विक्रम मात्र झाला नसता.

विक्रमाचे स्वरूप

या १६० दिवसांतील सर्वोच्च तापमान १८ जानेवारी १९२४ रोजीचे ४७.५ अंश सेल्सिअस होते. मार्बल बारनेच अन्य वर्षी याहून अधिक, ४९ अंशांवरचे तापमान अनुभवलेले आहे. तेव्हा हा विक्रम तीव्रतेचा नाही. एवढेच नव्हे, तर तो उष्ण दिवसांच्या एकूण संख्येचाही म्हणता येत नाही, कारण तेथे सर्वसाधारण वर्षातही असे सुमारे दीडशे दिवस असतातच. १९२३-२४ चे वेगळेपण एकाच गोष्टीत आहे : त्या दिवसांत खंड पडला नाही.

दुसरा मुद्दा मोजपट्टीचा. ऑस्ट्रेलियाने हवामानाच्या नोंदींसाठी सेल्सिअस पद्धती १९७२ मध्ये स्वीकारली. तत्पूर्वीच्या फॅरनहाइट पद्धतीत १०० हा आकडा पूर्ण आणि लक्षवेधी होता. सेल्सिअसमध्ये त्याचे ३७.८ होतात आणि हा आकडा सीमारेषा म्हणून कोणी मुद्दाम निवडला नसता. अमेरिकेतील डेथ व्हॅलीत २००१ साली सलग १५४ दिवसांची नोंद झाली, तीही याच शंभराच्या रेषेवर. उष्णता निसर्गाची असली, तरी विक्रमाची चौकट मानवनिर्मित आहे.

'लाट' या संज्ञेचेही तसेच आहे. भारतीय हवामान विभागाच्या एका निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याची आजची पद्धतही स्थानिक सरासरीशी आणि मागील ३० दिवसांच्या तापमानाशी तुलना करते. जेथे डिसेंबर-जानेवारीतील कमाल तापमानाची सरासरीच ४१ अंशांच्या आसपास आहे, तेथील प्रदीर्घ व एकसुरी उष्णता अशा निकषांतून बऱ्याच अंशी निसटून जाईल. लाट येते आणि ओसरते. मार्बल बारमध्ये ओसरणेच लांबले होते.

कारणमीमांसा

हा खंड का पडला नाही? समुद्रापासून दूर असलेल्या या गावात उन्हाळ्याचे तापमान खाली आणणारे घटक मोजकेच आहेत : दाट ढग, पाऊस आणि उत्तरेकडून खाली सरकणारी दमट मोसमी हवा. दक्षिण गोलार्धातील या प्रदेशात पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च या काळात, बहुधा चक्रीवादळांबरोबर येतो. १९२३-२४ मध्ये मोसमी कमी दाबाचा पट्टा नेहमीपेक्षा उत्तरेलाच राहिला आणि वायव्य किनाऱ्यावर चक्रीवादळांचे प्रमाण अत्यल्प होते. पिलबाराच्याच किनाऱ्याजवळील व्हिम क्रीकची नोंद या संदर्भात बोलकी आहे. ३ एप्रिल १८९८ रोजी तेथे एका दिवसात सुमारे ७४७ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. १९२४ च्या संपूर्ण वर्षात तेथे अवघा ४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणून मार्बल बारचा विक्रम हा उष्णतेपेक्षा अवर्षणाचा दस्तऐवज आहे. तापमापकाने त्या वर्षी न आलेला पाऊस मोजला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

नोंदीबाहेरचा समाज

तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेला असतो. शास्त्रीय अचूकतेसाठी ते आवश्यकच आहे. परंतु मेंढ्या-गुरे राखणारा, कुंपण घालणारा किंवा पाणी ओढणारा माणूस सावलीत नसतो. पिलबारातील कुरणक्षेत्रे मोठ्या प्रमाणावर आदिवासींच्या श्रमांवर चालत होती. मार्बल बारचा परिसर ही न्यामल लोकांची परंपरागत भूमी. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने आदिवासींच्या नोकरीवर आणि हालचालींवर सरकारी नियंत्रण आणले होते. अनेकांना श्रमाचा मोबदला रोख वेतनाऐवजी शिधा आणि कपड्यांच्या रूपात मिळे. उष्णता असह्य झाली म्हणून काम किंवा जागा सोडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नव्हते. याच प्रदेशातील शेकडो आदिवासी कामगारांनी १ मे १९४६ रोजी संप पुकारला. त्या संपाचे कारण उष्णता नव्हते, वेतन व माणुसकीची वागणूक हे होते. परंतु १९२३-२४ च्या उन्हाळ्यात कोण कोणत्या अटींवर राबत होते, हे समजण्यास तो संप साहाय्य करतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील मालवाहतुकीत दीर्घकाळ ब्रिटिश हिंदुस्थान व अफगाणिस्तानातून आलेल्या उंटवाल्यांचा मोठा वाटा होता. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हटले गेले. त्यांच्या वाट्याचा उन्हाळाही कोणत्याच तक्त्यात नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, १६० हा आकडा खरा आहे, पण तो अपुरा आहे. तो सातत्य सांगतो, तीव्रता नव्हे. पावसाचा अभाव दाखवतो, पण त्याचे नाव घेत नाही. आणि सावलीतील हवा मोजतो, उन्हातील माणूस नव्हे. हवामानाच्या जुन्या नोंदी इतिहासाचे साधन म्हणून वापरताना सीमारेषा कोणी ठरवली, नोंदीमागील नैसर्गिक कारण कोणते आणि नोंदीबाहेर कोण राहिले, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ७ एप्रिल १९२४ नंतर मार्बल बारच्या तक्त्यातील मालिका खंडित झाली. तिच्या झळा सोसणाऱ्यांच्या इतिहासाचे लेखन मात्र त्या तक्त्याच्या बाहेरच करावे लागेल.