मालदार, मातब्बर आणि मालगुजार

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीला, बोर धरणाच्या वाटेवर, चहाच्या टपरीशी एक शब्द ऐकला आणि मनात राहिला. एक पोरगा नव्या मोटारसायकलवर ऐटीत निघून गेला. त्याच्याकडे बघत एक आजोबा म्हणाले, “मोठा मालगुजार लागून गेला!” मालगुजारी जाऊन सत्तर वर्षांवर लोटली, पण टोमणा अजून ताजा आहे.

श्रीमंतांसाठी मराठीत शब्दांची वानवा कधीच नव्हती. ‘श्रीमंत’ ही तर पेशव्यांची उपाधी. त्याखालोखाल गब्बर, गडगंज, सुखवस्तू, जन्मतःच पैशात लोळणारा तो गर्भश्रीमंत आणि सगळ्यांवर ताण म्हणजे नवकोट नारायण. यातले कित्येक शब्द मुळात पैशाचे नाहीतच. ‘तालेवार’ फारसीतून आला; ‘ताले’ म्हणजे नशीब. ‘मातब्बर’ अरबीतला, त्याचा मूळ अर्थ विश्वासपात्र. ज्याच्या शब्दावर व्यवहार होतो, तो मातब्बर. तिजोरी त्याच्या मागून आली.

मालगुजाराची कथा मात्र वेगळी आहे. ‘माल’ म्हणजे सारा, ‘गुजार’ म्हणजे भरणारा. शब्दाप्रमाणे पाहिले तर हा देणारा माणूस. मग श्रीमंतीचा शिक्का त्याच्यावर कसा बसला?

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि पुढच्याच वर्षी वर्धा हा स्वतंत्र जिल्हा. त्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी गावचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना गावाची मालकी देऊन टाकली. कालपर्यंतचा वसुलीदार आज धनी झाला. शेत कसणारा राहिला कूळ. सरकारात रक्कम मालगुजार भरी, पण ती यायची कुळाच्या घामातून. खरा ‘गुजार’ तोच होता. शब्द मात्र वाड्यातल्या माणसाला मिळाला.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते ६५). तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला, विशेषतः हिंगणघाटच्या मालाला (हे गाव वेगळे, आपली हिंगणी वेगळी) सोन्याचे दिवस आले. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की तेव्हा कुठे कुठे नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा दिसू लागल्या. चांदी जमिनीवर घासत चालायची, यापरती मिजास कोणती! युद्ध संपले, भाव कोसळले. पुढे कर्जाचे कागद तेवढे उरले.

गंमत म्हणजे इंग्रजांच्या जुन्या बोलीतही श्रीमंतीचा एक शब्द आपल्याच नवाबावरून गेलेला आहे. कंपनीची चाकरी करून गबर होऊन परतलेल्यांना लंडनकर ‘नबॉब’ म्हणत. १७७२ मध्ये सॅम्युएल फूट याने याच नावाचे नाटक रंगभूमीवर आणून त्यांची रेवडी उडवली. दक्षिणेतल्या होनाला युरोपीय लोक पगोडा म्हणत. म्हणून हिंदुस्थानात जाऊन पैसा करणे म्हणजे ‘पगोडाचे झाड हलवणे’. मला हा शब्दप्रयोग आपल्या ‘मालगुजारा’पेक्षा प्रामाणिक वाटतो. पैसा कुठून आला, हे तो निदान लपवत नाही. झाड कोणाच्या अंगणातले होते, ते मात्र सांगत नाही.

१९५१ मध्ये कायद्याने मालगुजारी संपली. हिंगणीत तिचा टोमणा उरला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गेलात तर मालगुजारांच्या काळातले तलावही भेटतील. सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. इतके लांबलचक नाव कोण घेतो? लोकांनी आणि कारकुनांनी मिळून त्याचे केले ‘मामा तलाव’. धान अजून त्यांच्याच पाण्यावर पिकते.