शेजाऱ्याचा फणस तुमच्या कौलांवर झुकलाय? कुऱ्हाड उचलण्याआधी हे वाचा

देवरूखमध्ये पावसाळा तोंडावर आला की गडग्यालगतचा फणस दोन घरांत वाद लावू शकतो. एकाला कौलांची काळजी, दुसऱ्याला आजोबांनी लावलेल्या झाडाची.

देवरूखला नगरपंचायत आहे. त्यामुळे इथे शहरी भागासाठीचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा पाहावा लागतो. झाड स्वतःच्या परसातलं असलं, तरी तोडायला परवानगी लागते. झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेही कायद्याने ‘तोडणं’च. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतं.

मग करायचं काय? आधी शेजाऱ्याशी बोला. झाड खरंच धोकादायक असेल, तर फोटोसह नगरपंचायतीत अर्ज द्या. पाहणी होऊन निर्णय होईल. परस्पर तोडलंत, तर तक्रारदाराचे तुम्हीच आरोपी व्हाल.