मोटारसायकलचे स्टार्टर सुरक्षा स्विच

मोटारसायकलचे स्टार्टर सुरक्षा स्विच हे विद्युत स्टार्टरच्या मंडलात बसविलेले स्विच होत. वाहन गिअरमध्ये असताना स्टार्टरचे बटण दाबले गेल्यास ते अचानक पुढे झेपावू नये आणि साइड स्टँड खाली असताना ते चालविले जाऊ नये, हा त्यांचा उद्देश असतो. न्यूट्रल स्विच, क्लच स्विच आणि साइड स्टँड स्विच हे त्यांचे मुख्य प्रकार आहेत.

पार्श्वभूमी

खाली राहिलेला साइड स्टँड वळणावर रस्त्याला टेकून वाहन उलटू शकते. युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या निर्देशानुसार साइड स्टँड वाहन पुढे जाताच आपोआप मागे वळणे आवश्यक ठरले. मात्र स्टँड खाली असताना इंजिनाच्या बळावर वाहन चालणारच नाही अशी योजना असल्यास त्यातून सूट देण्यात आली.

रचना व कार्य

न्यूट्रल स्विच गिअरबॉक्सवर असतो. मीटरवरील हिरवा दिवाही त्याच्यामुळेच लागतो. क्लच स्विच क्लच लिव्हरच्या बुडाशी, तर साइड स्टँड स्विच स्टँडच्या बिजागरीजवळ असतो. अनेक मोटारसायकलींत स्टार्टर रिलेचे मंडल दोन मार्गांनी पूर्ण होते :

- वाहन न्यूट्रलमध्ये असल्यास, किंवा
- क्लच दाबलेला आणि स्टँड वर असल्यास.

हे दोन मार्ग डायोडने विलग केलेले असतात, अन्यथा क्लच दाबताच न्यूट्रलचा दिवा लागला असता. स्टँड खाली ठेवून गिअर टाकल्यास इग्निशन खंडित होऊन इंजिन बंद पडते. काही वाहनांत न्यूट्रलमध्येही क्लच दाबावा लागतो. म्हणून त्या वाहनाची वायरिंग आकृती पाहणे आवश्यक असते.

दोषनिदान

प्रथम बॅटरी, फ्यूज आणि किल स्विच तपासतात. बटण दाबल्यावर रिलेचा 'टक' असा आवाज येत असल्यास सुरक्षा स्विचांचे मंडल बहुधा ठीक असते. अशा वेळी दोष बॅटरी, जाड केबल, रिलेचे संपर्कबिंदू किंवा स्टार्टर मोटर यांत शोधतात. आवाज येत नसल्यास पुढील लक्षणे उपयोगी पडतात :

- केवळ न्यूट्रलमध्ये सुरू होते : क्लच किंवा साइड स्टँड स्विचमध्ये दोष.
- स्टँड वर असूनही गिअर टाकताच बंद पडते : साइड स्टँड स्विचमध्ये दोष.
- न्यूट्रलमध्येही क्लच दाबल्यावरच सुरू होते : हिरवा दिवा लागत नसल्यास न्यूट्रल स्विच, लागत असल्यास डायोड संशयास्पद.
- गिअरमध्ये क्लच दाबताच हिरवा दिवा लागतो : डायोड शॉर्ट झालेला असतो.

तपासणी व दुरुस्ती

स्विचचा जोड सोडून मल्टिमीटरने रोध मोजतात. दोन तारांच्या साध्या स्विचमध्ये तो जुळलेल्या स्थितीत जवळजवळ शून्य ओहम असावा आणि उघड्या स्थितीत मंडल खंडित असावे. साइड स्टँड स्विच जमिनीलगत असल्याने पावसाळ्यात चिखल व पाण्यामुळे त्याचे संपर्कबिंदू गंजतात. स्विच बदलण्यापूर्वी तो स्वच्छ करणे, तसेच तुटलेल्या तारा आणि सैल जोड पाहणे इष्ट ठरते.

धोके

दोन तारा थेट जोडून स्विच निकामी करण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यामुळे वाहन सुरू होते. पण गिअरमध्ये झेपावण्याचा किंवा उघड्या स्टँडमुळे अपघात होण्याचा धोका पुन्हा उद्भवतो. अशी जोडणी दोष पडताळण्यापुरती, वाहन न्यूट्रलमध्ये व मुख्य स्टँडवर असतानाच करावी आणि तपासणीनंतर काढून टाकावी.