पडद्यावरचे बटण ओळखायचे कसे?

संगणकाच्या पडद्यावरील बटण म्हणजे वास्तविक रंगीत ठिपक्यांचा एक चौकोन. माणूस त्यावरील अक्षरे वाचतो, त्याचा उठाव पाहतो आणि क्षणार्धात ते दाबतो. हेच काम यंत्राकडे सोपवले की पहिलाच प्रश्न उभा राहतो : दाबायचे ते बटण नेमके कोणते? सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तिचे सारे पडदे पुन:पुन्हा तपासावे लागतात. हे कंटाळवाणे काम आज्ञावलीकडून करून घेणे म्हणजे स्वयंचलित चाचणी. तिचे यशापयश पुष्कळ अंशी बटणांच्या अचूक ओळखीवर अवलंबून असते.

माकडापासून सुरुवात

१९८३ मध्ये ॲपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाची तयारी चालू असताना स्टीव्ह कॅप्स यांनी ‘मंकी’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. माउस आणि कळफलकाच्या मनमानी हालचाली घडवून ती मॅकपेंटसारख्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेई. मात्र हे माकड थोड्याच वेळात बाहेर पडण्याची आज्ञाच निवडत असे. अखेर माकडाचा संचार सुरू असल्याची एक खूण प्रणालीत ठेवण्यात आली आणि तेवढ्यापुरती ती आज्ञा बंद करण्याची सोय झाली. आपण काय दाबत आहोत हे न कळणाऱ्या यंत्राची मर्यादा तेव्हाच उघड झाली होती.

यापुढची पायरी म्हणजे माणसाच्या हालचाली नोंदवून त्या जशाच्या तशा पुन्हा करणे. ‘डावीकडून ४०० आणि वरून ३०० ठिपक्यांवर क्लिक कर’ अशा स्वरूपाची ही नोंद असे. पडद्याचे रेझोल्यूशन ८०० बाय ६०० वरून १०२४ बाय ७६८ केले किंवा खिडकी जराशी सरकली, की क्लिक भलतीकडेच पडे. जागेवरून ओळख पटवणे हा सर्वांत कच्चा उपाय ठरला.

विंडोजमधील ओळखपत्र

विंडोज प्रणालीत प्रत्येक पारंपरिक बटण ही स्वतंत्र खिडकीच मानली जाते. तिला एक हँडल, एक वर्ग, एक मजकूर आणि बहुधा एक नियंत्रण क्रमांक असतो. हँडल दर वेळी नव्याने दिले जात असल्याने ते चाचणीत लिहून ठेवण्यात अर्थ नसतो. वर्गाचे नाव ‘बटण’ असे असले तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. साधे बटण, चौकोनात खूण करायचा चेकबॉक्स, गोल रेडिओ बटण, एवढेच नव्हे तर काही नियंत्रणांभोवती आखलेली चौकटही याच वर्गात मोडते. त्यांच्यातील फरक शैली दर्शवणाऱ्या अंकांवरून कळतो.

नियंत्रण क्रमांक त्या मानाने भरवशाचा. बटणावरील मजकूर इंग्रजीतून मराठीत गेला तरी हा क्रमांक सहसा तोच राहतो. मजकुरावरून बटण शोधणारी चाचणी मात्र ‘जतन करा’चे ‘साठवा’ होताच अडते.

मर्क्युरी इंटरॲक्टिव्ह कंपनीच्या क्विकटेस्ट प्रोफेशनल या साधनाने ओळखीची उतरंडच ठरवली होती. आधी आवश्यक गुणधर्म पाहायचे. तेवढ्याने एकच वस्तू निश्चित झाली नाही तर साहाय्यक गुणधर्म एकेक करून जोडायचे आणि शेवटचा उपाय म्हणून ‘तिसरे बटण’ असा अनुक्रम वापरायचा. २००६ मध्ये ही कंपनी एचपीने विकत घेतली.

वेबपानावरील पेच

२००४ साली शिकागो येथील थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी वेबपानांच्या चाचणीसाठी ‘सेलेनियम’ तयार केले. मर्क्युरी म्हणजे पारा आणि सेलेनियम हा पाऱ्याच्या विषबाधेवरचा उतारा, अशा थट्टेतून हे नाव पडल्याचे सांगतात. सेलेनियमच्या पुढच्या पिढीचा पाया असलेल्या ‘वेबड्रायव्हर’ला डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ साली अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली.

वेबपानावर बटण आयडी, नाव, सीएसएस किंवा एक्सपाथ यांच्या आधारे शोधता येते. पान उघडताना दर वेळी नवा आयडी तयार होत असेल, तर त्याचा उपयोग नसतो. ‘तिसऱ्या चौकटीतील दुसऱ्या रांगेतील पहिले बटण’ असा लांबलचक एक्सपाथ वर एखादी जाहिरात आली तरी कोलमडतो. शिवाय बटण सापडले म्हणजे ते दाबता येईलच असे नाही. ते निष्क्रिय असू शकते किंवा दुसऱ्या घटकाखाली झाकलेले असू शकते.

एमआयटीतील संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या ‘सिकुली’ने निराळी वाट धरली : बटणाचे चित्रच द्यायचे आणि पडद्यावर ते शोधायचे. आतली रचना उघड नसेल तेथे ही पद्धत उपयोगी पडते. परंतु रंगसंगती किंवा अक्षराचा आकार बदलला की तिचीही अडचण होते.

दोघांचा एकच आधार

ज्या माहितीवरून यंत्र बटण ओळखते, बरीचशी त्याच माहितीवरून अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. मायक्रोसॉफ्टची २००६ सालची ‘यूआय ऑटोमेशन’ ही व्यवस्था साहाय्यक साधने आणि स्वयंचलित चाचणी या दोन्हींच्या उपयोगी पडते. अँड्रॉइडमधील ‘यूआय ऑटोमेटर’ही सुलभतेसाठी दिलेल्या माहितीवरच चालतो. २०१४ च्या ‘एआरआयए’ मानकाने वेबपानावरील घटकाला ‘बटण’ ही भूमिका आणि नाव जाहीर करण्याची रीत घालून दिली. २०२० साली आलेल्या ‘प्लेराइट’मध्येही आता भूमिका आणि नाव यांवरून बटण शोधण्यावर भर आहे.

बँकेच्या पानावर ‘पैसे पाठवा’चे बटण केवळ बाणाचे चित्र म्हणून काढले आणि त्याला भूमिका व नाव दिले नाही, तर डोळस ग्राहकाचे काम होते, चाचणीची आज्ञावली मात्र चाचपडते आणि अंध ग्राहकाला तेथे बटण आहे हेच कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ई-केवायसी प्रक्रियेसंबंधीच्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यामुळे बटणाला नाव देणे हा आता केवळ चाचणी विभागाच्या सोयीचा प्रश्न राहिलेला नाही.

यासाठी फार खर्चही येत नाही. बटण घडवतानाच त्याला स्थिर आयडी, योग्य भूमिका आणि अर्थपूर्ण नाव द्यावे लागते, एवढेच. ते काम मागाहून करायचे झाले, तर शेकडो पडदे पुन्हा उघडावे लागतात.