भास्कराचार्यांच्या एका संख्येचा ताळा

पोथींत शब्द चुकला तर व्याकरण किंवा छंद ती चूक उघड करितो. अंक चुकला तर तो निमूटपणें पुढील प्रतींत उतरतो. म्हणून ज्या संख्येची परीक्षा तिच्याच अंगीं आहे, ती पोथीसंग्राहकांस विशेष मोलाची. अशी एक संख्या भास्कराचार्यांच्या बीजगणितांत (शके 1072, इ. स. 1150) आहे: 1,76,63,19,049.

कोणत्या संख्येच्या वर्गास 61 नें गुणून एक मिळविला असतां पूर्ण वर्ग होतो, असा आचार्यांचा प्रश्न आहे. शून्य वगळल्यास सर्वांत लहान उत्तर म्हणजे कनिष्ठपद 22,61,53,980, व त्याचें ज्येष्ठपद वरील संख्या. नवल हें कीं, शेजारच्या 60 या प्रकृतीस 4 व 31, आणि 62 या प्रकृतीस 8 व 63 एवढ्या लहान पदांनीं भागतें. तेव्हां एक एक संख्या घेऊन पाहणाऱ्याच्या हातीं 61 चें उत्तर कधींच लागलें नसतें. चक्रवालानें मात्र तें थोडक्यांत येतें. 8 च्या वर्गांत 61 हून 3 अधिक. चक्राचा एकच फेरा होतांच 39 चा वर्ग 61 गुणिलें 5 चा वर्ग याहून 4 नें उणा असा मिळतो. तेथून ब्रह्मगुप्ताच्या भावनेनें 3,805 व 29,718 हीं पदें येतात. त्यांचा क्षेप ऋण एक. यांचीच पुन्हा भावना केली कीं इष्ट पदें सिद्ध. हाच 61 चा प्रश्न फ्रान्सांत फेर्मानें 1657 त घातला, म्हणजे आचार्यांनंतर पांचशें सात वर्षांनीं.

आतां ताळा. ज्येष्ठपदाच्या अंकांची बेरीज 46. नवांनीं भागून शेष 1. पण नकलनविसानें 63 चे 36 केले तर या ताळ्यास पत्ता लागत नाहीं. सुदैवानें ही संख्या अकरांनीं निःशेष भागते. एखादा अंक बदलला किंवा शेजारचे दोन निरनिराळे अंक उलटले तर शेष उरल्यावांचून राहत नाहीं. दोन ठिकाणीं चुकी असेल तर तीही कदाचित् निसटेल. तेव्हां शेवटचा निवाडा 29,718 च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळविण्यानें करावा.

फुलंब्रीच्या वायव्येस कन्नडचा घाट उतरून पाटण लागतें, तेथील इ. स. 1207 चा शिलालेख आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापिलेल्या मठाचा आहे. दक्षिणेस औरंगाबाद, आतांचें छत्रपती संभाजीनगर. तेथील बीबी का मकबऱ्याचा शिल्पी अताउल्ला रशीदी यानेंच हि. 1044 (इ. स. 1634-35) मध्यें बीजगणित फारसींत आणिलें, व त्या फारसीवरून स्ट्रेचीनें 1813 त इंग्रजी भाषांतर केलें. कोलब्रुकनें 1817 त प्रसिद्ध केलेलें भाषांतर मात्र थेट संस्कृतावरून. संख्या या दोन वाटांनीं गेली. म्हणून संस्कृत व फारसी प्रतींचे पाठ शेजारीं मांडून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ज्यांच्या संग्रहीं बीजगणिताची पोथी असेल त्यांनीं चक्रवालाचें प्रकरण काढून ही संख्या अकरांनीं भागून पाहावी; शेष उरल्यास पोथीचा लेखनकाल व तो पाठ जसाच्या तसा कळवावा.